एमएनडीच्या रुग्णाचं कोलेस्ट्रॉल उतरवायचं कशासाठी?

औसेकर (जि. लातूर)

आमच्या अण्णांना एमएनडी आहे, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात आणि स्नायू झडत जातात, असा आजार. वय ५८. आधी उजव्या हातातून खुरपं निसटायला लागलं, मग चालताना पायातली चप्पल मागेच राहायला लागली. मणक्याचा एमआरआय, बी-१२ ची इंजेक्शनं, मालिश, सगळं झालं. आठ महिन्यांनी हैदराबादला ईएमजी, म्हणजे नसा-स्नायूंची विजेची तपासणी केली तेव्हा आजाराचं नाव कळलं. त्या आठ महिन्यांवर मी आज बोलत नाही. बोलायचंय ते लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या कागदावर.

एकूण कोलेस्ट्रॉल २४१, ट्रायग्लिसराइड २१०. लॅबने दोन्ही आकडे ठळक छापले होते. जवळच्या डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्ट्रॉल उतरवायची गोळी चालू केली आणि तेल-तूप बंद सांगितलं. मायनं ते व्रतासारखं पाळलं. अण्णांची भाजी वेगळी, फोडणीला नावापुरतं तेल, भाकरीवरचं लोणी बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, येसराच्या आमटीवरचा तवंग पळीनं काढून टाकायचा. चार महिन्यांनी कोलेस्ट्रॉल १५२ आलं आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं. त्याच चार महिन्यांत अण्णा ६३ किलोवरून ५४ वर आले होते. आम्ही म्हणालो, आजारच तसा आहे.

नंतरच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टनी फाइल उघडायच्या आधी वजन विचारलं. माझ्या तोंडून कोलेस्ट्रॉलचा आकडा निघाला, कारण मला तोच पाठ होता. ते म्हणाले, "तो नंतर. वजन सांगा."

तेव्हापासून वाचतोय. २००८ साली फ्रान्समधल्या ३६९ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात एचडीएलच्या (ज्याला चांगलं कोलेस्ट्रॉल म्हणतात) मानाने एलडीएल (ज्याला वाईट म्हणतात) जास्त होतं ते रुग्ण बारा महिन्यांहून अधिक काळ जास्त जगलेले दिसले. २०११ साली जर्मनीत ४८८ रुग्णांमध्ये कोलेस्ट्रॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्हींबाबत कल तोच निघाला. जी चरबी आपण हृदयाची वैरीण समजतो, ती या आजारात बाजूने उभी दिसते. कारणही पटण्यासारखं आहे. स्नायू झडल्यावर शरीराने कमी ऊर्जा जाळायला हवी, पण या आजारात जवळपास निम्म्या रुग्णांचं शरीर नुसतं पडून असतानाही अपेक्षेपेक्षा जास्त जाळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला हृदयाचा आजार नाही, त्या एमएनडीच्या माणसाचं कोलेस्ट्रॉल उतरवायच्या मागे लागू नये. हृदयाचा धोका दहा वर्षांच्या हिशेबाने मोजतात. आमच्या अण्णांच्या बाबतीत तो हिशेब मांडायची हिंमत कुणाची आहे? ज्याचं अंग रोज झिजतंय त्याच्या ताटातलं तेल काढून घेणं हा अन्याय आहे, आणि तो आम्ही प्रेमाने केला.

गोदाकाठचा फिजिशियन (नांदेड)

औसेकर, अण्णांचं वाचून वाईट वाटलं. तेल-तूप तोडायला नको होतं, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. पुढे नाही.

तुम्ही दोन अभ्यास सांगितले, उलट बाजूचे राहिले. २००९ साली इटलीत ६५८ रुग्ण तपासले. निरोगी माणसांच्या आणि त्यांच्या लिपिडमध्ये फरक सापडला नाही, लिपिडचा आयुर्मानाशी संबंधही सापडला नाही. मात्र ज्यांची श्वासाची ताकद घटली होती त्यांचं लिपिड खाली होतं. २०११ साली अमेरिकेत औषधांच्या चाचण्यांमधल्या ४२७ रुग्णांची माहिती तपासली. वजन, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, हिशेबात धरल्यावर कोलेस्ट्रॉलचा प्रभाव उरलाच नाही. वजनाचा उरला.

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. विहिरीला पाणी आहे यावरून पावसाळा बरा झाला हे कळतं. पण टँकर ओतून विहीर भरली म्हणून पावसाळा बरा होत नाही. ज्याला गिळता येतंय, श्वास चांगला आहे, वजन टिकलंय, त्याचं कोलेस्ट्रॉल टिकतं. तो जास्त जगतो ते या सगळ्यामुळे.

आणि टँकर ओतूनही पाहिलाय. जर्मनीत २०१ रुग्णांपैकी निम्म्यांना रिलुझोल या आजारावरच्या नेहमीच्या औषधासोबत रोज ४०५ कॅलरीचं, संपूर्ण चरबीचं पेय दिलं. निष्कर्ष २०२० साली आला. एकंदर आयुर्मानात फरक दिसला नाही.

शिवाय २०१९ साली जनुकांच्या आधाराने केलेल्या मोठ्या विश्लेषणात उलटंच निघालं, जन्मतः एलडीएल जास्त असण्याकडे कल असेल तर हा आजार होण्याचा धोका थोडा वाढतो. आजार होण्याचा धोका आणि झाल्यावरचं आयुष्य या वेगळ्या गोष्टी, मान्य. पण चरबीला रक्षणकर्ती ठरवायची घाई करू नका. मला काळजी वेगळीच आहे. स्टेंट बसवलेला एखादा रुग्ण हे वाचून उद्या गोळी बंद करेल.

औसेकर

डॉक्टर, स्टेंटवाल्यांबद्दल मी बोललोच नाही, "ज्याला हृदयाचा आजार नाही" हे शब्द पहिल्याच पोस्टमध्ये आहेत. तरी स्पष्ट लिहितो, कुणीही स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नये. आमची गोळीही न्यूरोलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलल्यावरच बंद झाली.

पण तुमच्या त्या २०२० च्या चाचणीत, ज्यांचा आजार झपाट्याने वाढत होता त्यांना फायदा दिसला होता. ते तुम्ही वगळलंत. अण्णांचा आजार झपाट्याचाच आहे. आणि स्टॅटिनने स्नायू दुखतात हे तर तुम्हीच रुग्णांना सांगत असाल. ज्याचे स्नायूच जायलेत त्याला ती गोळी द्यायची?

गोदाकाठचा फिजिशियन

वगळलं कारण ते निकाल आल्यावर गट पाडून काढलेलं आहे. असे गट पाडत गेलं की कुठे ना कुठे फायदा दिसतोच. त्यावरून नवी चाचणी आखायची असते, उपचार ठरवायचा नसतो.

स्टॅटिनने हा आजार होतो की काय, ही शंकाही तपासली गेली आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली ४१ चाचण्या एकत्र पाहिल्या. गोळी घेणाऱ्या सुमारे ६४,००० जणांत ९ आणि न घेणाऱ्या सुमारे ५६,००० जणांत १० जणांना तो झाला. म्हणजे वाढ नाही. स्नायूदुखीचा तुमचा मुद्दा खरा आहे. अशा रुग्णात मी नव्याने स्टॅटिन सुरू करताना दहा वेळा विचार करेन.

अजून एक. ही सगळी माणसं युरोप-अमेरिकेतली, बहुतेक साठीच्या आसपासची. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेने ३० वर्षांतल्या १,१५३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात आजार सुरू होण्याचं सरासरी वय ४६ होतं. आपला रुग्ण तरुण, ज्वारी-डाळीवर वाढलेला, बहुतेकदा आधीच सडपातळ. तिकडचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका.

अंबाजोगाईची सून

तुम्हा दोघांचं वाचलं. राग मानू नका, पण चरबी चांगली की वाईट हे पोटात गेल्यावरचं झालं. आमच्या सासूबाईंचा आजार जिभेपासून सुरू झाला. आधी बोलणं जड झालं, मग घास. मी पण कुठूनतरी ऐकून तुपातले लाडू, शेंगदाण्याचा कूट, असं सगळं चालू केलं. कोरडा कण घशाशी अडकायचा आणि त्या निळ्या पडेपर्यंत खोकायच्या. साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत जायचं. घट्टसर आंबील जायची, पाणी नाही जायचं.

शेवटी जमलं ते असं. मऊ मुगाची खिचडी घोटून, त्यात दोन चमचे तूप जिरवून, पाठ सरळ ठेवून, हनुवटी खाली करून, लहान चमच्यानं. एका जेवणाला एक तास. जास्त कॅलरी द्या असं सगळे सांगतात, तो तास कुणी मोजत नाही. माणूस खाऊन खाऊन दमतो आणि अर्ध्यात तोंड मिटतो.

पोटातल्या नळीचं, म्हणजे अन्न थेट पोटात घालायच्या नळीचं, आम्हाला दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं. घरातले म्हणाले, तोंडानं खातायत तोवर नळी कशाला, लोक काय म्हणतील. तयार झालो तेव्हा श्वासाची ताकद निम्म्याच्याही खाली गेली होती आणि डॉक्टर भूल द्यायला कचरत होते. औसेकर भाऊ, तुमचे अण्णा अजून गिळतायत तोवर हे विचारून ठेवा. लिपिडच्या कागदापेक्षा हे आधी.

करडईवाला (परभणी)

मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे. पण या भांडणात तूप आणि कोलेस्ट्रॉल एकच धरायलेत सगळे, म्हणून लिहितो. वजन टिकवायचं असेल तर ग्रॅमला ९ कॅलरी तुपातही आहेत आणि करडईच्या तेलातही. डॉक्टरांनी सांगितलेल्या ४०५ कॅलरी म्हणजे ४५ ग्रॅम, पोह्याच्या मोठ्या चमच्यानं तीन-साडेतीन चमचे तेल. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल, म्हणजे एक प्रकारची असंपृक्त चरबी असते, आणि ती एलडीएल वाढवणारी नाही, उलट उतरवणारी आहे. मग ज्याच्या घरात हृदयाचा त्रासही आहे आणि हा आजारही आहे, त्यानं घाण्याचं करडईचं तेल खिचडीत घातलं तर दोन्ही बाजू राखल्या जातात का? डॉक्टर, हे बरोबर आहे का तेवढं सांगा.

गोदाकाठचा फिजिशियन

कॅलरीच्या बाबतीत बरोबर. हृदयरुग्णाला तुपापेक्षा ते बरं, हेही बरोबर. त्यानं आयुष्य वाढेल असं मात्र म्हणू नका. चरबीच हवी असंही ठरलेलं नाही. २०१४ साली नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णांची छोटी चाचणी झाली, आहार सुरू केलेले जेमतेम २० रुग्ण. तिच्यात जास्त कॅलरीचा, पण कर्बोदकं भरपूर असलेला आहार घेणाऱ्यांना गंभीर त्रास कमी झाले. एवढ्या लहान आकड्यावर मी काही ठरवणार नाही. पण तेलाच्या चमच्याइतकाच आंबिलीत गूळही चालतो, साखरेचा आजार नसेल तर.

अंबाजोगाईच्या ताईंनी जे लिहिलंय ते मी रुग्णांच्या घरच्यांना वाचून दाखवणार आहे.

औसेकर

ताई, तुमचं वाचून माय बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, मी तवंग काढत होते. तिला काय सांगावं मला सुचलं नाही.

डॉक्टर, कोलेस्ट्रॉल जास्त असल्यानं माणूस जास्त जगतो, हा माझा शब्द मागे घेतो. विहिरीचं पटलं. पण ते मुद्दाम उतरवू नये, या म्हणण्यावर मी ठाम आहे, आणि तुम्हीही त्यापासून फार लांब नाहीत असं वाटतं.

आता वजन दर रविवारी करतो. अण्णांना उभं राहता येत नाही, म्हणून त्यांना उचलून घेऊन मी काट्यावर उभा राहतो आणि माझं वजा करतो. मागच्या रविवारी ५४.२, या रविवारी ५४.६.

गोदाकाठचा फिजिशियन

चांगलं आहे. श्वासाची तपासणी, फुंकायची, शेवटची कधी झाली?

औसेकर

निदान झालं तेव्हा. आता दहा महिने झाले.

गोदाकाठचा फिजिशियन

मग ती या आठवड्यात करून घ्या. आडवं झाल्यावर धाप लागते का, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, हे अण्णांना आज रात्रीच विचारा. नळीचं काय ते त्या आकड्यावर ठरेल. लिपिड आत्ता परत करू नका.