डिव्हिजन जिंकली म्हणून घरचा सामना?

मिलिंद, मिनियापोलिस

नमस्कार मंडळी,

सुपर बोलच्या (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याच्या) पॉटलकच्या धाग्यात सीडिंगचा, म्हणजे प्लेऑफमधल्या (बाद फेऱ्यांमधल्या) मानांकनाचा वाद घुसला होता, तो इथे वेगळा काढतोय. तिकडे कोण काय आणणार एवढंच राहू द्या.

२०२४ च्या हंगामात आपले व्हायकिंग्ज १४–३ होते (१४ विजय, ३ पराभव). सीड मिळालं पाचवं. टॅम्पा बेचे बक्स १०–७, त्यांना तिसरं. लॉस एंजेलिसचे रॅम्सही १०–७, त्यांना चौथं, आणि यजमानपदही त्यांचंच. कारण एकच: या दोघांनी आपापली डिव्हिजन (चार संघांचा गट) जिंकली होती, आणि व्हायकिंग्जच्या डिव्हिजनमध्ये १५–२ वाले लायन्स होते. चार सामने जास्त जिंकून बॅगा आपणच भरायच्या, हे कुठल्या हिशेबात बसतं?

मूळ दुखणं २००२ चं आहे. ह्यूस्टन टेक्सन्स आले, संघ ३२ झाले आणि सहाच्या आठ डिव्हिजन झाल्या. आता चारच संघांत पहिलं यायचं, म्हणजे तिघांना मागे टाकलं की झालं. तेव्हापासून २०२४ पर्यंत चार संघ जिंकले त्याहून जास्त सामने हरून डिव्हिजन विजेते ठरले: सिअ‍ॅटल २०१० (७–९), कॅरोलिना २०१४ (७–८–१, शेवटचा आकडा बरोबरीचा), वॉशिंग्टन २०२० (७–९), टॅम्पा बे २०२२ (८–९). चौघांनाही पहिला सामना घरी. २०१० च्या आधी पूर्ण हंगामात असं कधीच घडलं नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये लायन्सनीच प्रस्ताव दिला होता: डिव्हिजन विजेत्याचा प्लेऑफ प्रवेश पक्का, पण वाइल्ड कार्ड संघाचं (डिव्हिजन न जिंकता प्लेऑफमध्ये आलेल्याचं) रेकॉर्ड चांगलं असेल तर सीड त्याला वरचं. नियम बदलायला ३२ पैकी २४ मतं लागतात. मे महिन्यात त्यांनी तो मागे घेतला. मला तो जसाच्या तसा मान्य होता.

अनघा, अ‍ॅन आर्बर

मिलिंददादा, गाव लायन्सचं असूनही मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे.

तुम्ही १४–३ आणि १०–७ शेजारी ठेवता तेव्हा दोघांनी एकच परीक्षा दिली असं धरून चालता. तसं नाहीये. १७ सामन्यांची वाटणी बघा: डिव्हिजनमधल्या तिघांशी दोन-दोन असे ६, आपल्याच कॉन्फरन्समधल्या (लीगचे दोन भाग, एनएफसी आणि एएफसी) एका डिव्हिजनशी ४, दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या एका डिव्हिजनशी ४, आणि उरलेले ३ मागच्या वर्षी आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी. म्हणजे एका डिव्हिजनमधल्या चौघांचे १७ पैकी १४ सामने सारखे. तिथली क्रमवारी भरवशाची असते. डिव्हिजनबाहेर पाऊल टाकलं की तो भरवसा संपतो.

उदाहरण त्याच हंगामातलं घ्या. व्हायकिंग्ज आणि १२–५ वाले वॉशिंग्टनचे कमांडर्स यांचे सामाइक प्रतिस्पर्धी पाचच: जायंट्स, फाल्कन्स, कार्डिनल्स, बेअर्स, टायटन्स. प्रत्येकाचे १७ पैकी ६ सामने. त्या वर्षी व्हायकिंग्जच्या डिव्हिजनच्या, एनएफसी नॉर्थच्या वाट्याला एएफसी साउथ आली होती, जिथे जॅग्वार्स ४–१३ आणि टायटन्स ३–१४. कमांडर्स २०२३ मध्ये तळाला होते, म्हणून त्यांचे ते तीन सामनेही तळाच्या संघांशी लागले.

आयपीएलमध्ये एकच गुणतक्ता चालतो, कारण गट पाडले तरी प्रत्येक संघ उरलेल्या नऊही संघांशी किमान एकदा खेळतो. एनएफएलमध्ये ३१ पैकी १४ संघांशीच गाठ पडते. तिथे एकत्र गुणतक्ता मांडणं म्हणजे दिसायला न्याय, आत अंदाज.

आणि व्हायकिंग्जचे ते तीन पराभव कोणाकडून? दोन लायन्सकडून, एक याच रॅम्सकडून, ऑक्टोबरमध्ये ३०–२०.

सुधाकर, शिकागो

दोघांचंही वाचलं. एक बाळबोध प्रश्न. घरच्या मैदानाचा एवढा बाऊ का? हवा थंड असते हे ठाऊक आहे, पण बंद छताखाली काय फरक पडतो?

केदार, सॅन होजे

काका, बंद छताखाली तर जास्तच पडतो. तिथे थंडी नसते, आवाज असतो.

पाहुण्या क्वार्टरबॅकची (चेंडू फेकणाऱ्याची) हाक त्याच्याच लाइनला, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीला ऐकू जात नाही, म्हणून सायलेंट काउंट, म्हणजे हाकेशिवाय इशाऱ्यावर खेळ सुरू करणं, लावावा लागतो. फळीच्या मधला सेंटर खाली वाकलेला, नजर समोर. त्याच्या शेजारचा गार्ड मान वळवून क्वार्टरबॅककडे बघत राहतो. इशारा मिळाला की तो सेंटरला हात लावतो, सेंटर डोकं हलवतो, एक ठोका मोजतो आणि चेंडू मागे देतो. कडेच्या टॅकलला आवाज मिळतच नाही, चेंडू हललेला दिसला की मगच तो हलणार. समोरचा पास रशरही (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) चेंडूच बघत असतो. दोघं एकाच क्षणी सुटतात, आणि घरच्या संघाच्या लाइनला जो अर्धा ठोका आधी मिळतो तो पाहुण्यांचा जातो. त्यात दोन-तीनदा एकाच लयीत चेंडू दिला की बचाव फळी ठोका ओळखते आणि त्याच्याही आधी सुटते. म्हणून जाणते संघ मध्येच दोन ठोके करतात. पण तिथेच आपला एखादा खेळाडू लवकर हलतो, आणि पाच यार्डांचा दंड बसतो.

आता गंमत बघा. ज्या सामन्यावरून हा धागा निघाला तो रॅम्सच्या घरी झालाच नाही. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे १३ जानेवारी २०२५ ला तो अ‍ॅरिझोनात ग्लेंडेलला हलवला. व्हायकिंग्ज तिथे २७–९ ने हरले, त्यांचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डला नऊ सॅक बसले (चेंडू फेकण्याआधीच नऊदा पाडलं), प्लेऑफमधल्या विक्रमाची बरोबरी. तेव्हा या एका निकालाचं खापर मैदानावर फोडू नये.

प्रस्ताव लागू असता तर एनएफसीत लायन्स १, ईगल्स २, व्हायकिंग्ज ३, कमांडर्स ४, पॅकर्स ५, बक्स ६, रॅम्स ७. रॅम्सना ईगल्सच्या घरी, फिलाडेल्फियाला जावं लागलं असतं. ते पुढच्याच फेरीत जायचंच होतं, बर्फात २८–२२ ने हरले. एएफसीत चार्जर्स (११–६) आणि टेक्सन्स (१०–७) यांचा सामना ह्यूस्टनऐवजी लॉस एंजेलिसला लागला असता, आणि वणव्यांमुळे कदाचित तोही हलवावा लागला असता. प्रत्यक्षात टेक्सन्स ३२–१२ ने जिंकले. चार्जर्सचा क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्टने पूर्ण हंगामात तीन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास) दिली होती, त्या एका दुपारी चार.

अनघाताईंच्या मुद्द्यात माझी भर: टायब्रेकर, म्हणजे रेकॉर्ड सारखं असेल तर वर कोण हे ठरवणारे निकष. डिव्हिजनच्या आत बरोबरी झाली तर क्रम असा: आपसातले सामने, डिव्हिजन रेकॉर्ड, सामाइक सामने, कॉन्फरन्स रेकॉर्ड, मग स्ट्रेंग्थ ऑफ व्हिक्टरी (हरवलेल्या संघांचं रेकॉर्ड). वाइल्ड कार्डसाठी आपसातल्या सामन्यांनंतर थेट कॉन्फरन्स रेकॉर्ड येतं. सामाइक सामने त्याच्या खाली, आणि तेही किमान चार असतील तरच. सातही सीड रेकॉर्डवर ठरवली की डिव्हिजनबाहेरच्या बरोबऱ्या वाढणार आणि निकाल या दुसऱ्या, विरळ यादीवर लागणार.

मिलिंद, मिनियापोलिस

केदार, सायलेंट काउंट छान उलगडलास.

पण अनघा, प्रतिस्पर्धी वेगळे म्हणून तुलनाच नको, हे जरा ताणलेलं आहे. वाइल्ड कार्ड आपण त्याच तुलनेवर वाटतो. पहिल्या सीडचा आठवडाभराचा आरामही त्यावरच देतो. मग चौथ्या-पाचव्याशी आल्यावरच ती अचानक अविश्वसनीय कशी होते?

एनबीए, म्हणजे बास्केटबॉलची लीग, यातून गेलंय. २००६ मध्ये डेन्व्हर ४४–३८ वर तिसरं सीड, कारण डिव्हिजन त्यांची. सहावे क्लिपर्स ४७–३५. त्या वर्षी ६३ सामने जिंकलेले स्पर्स आणि ६० जिंकलेले मॅव्हरिक्स दुसऱ्याच फेरीत एकमेकांसमोर आले. पुढच्या हंगामात नियम बदलला, आणि २०१५–१६ पासून डिव्हिजन विजेत्याला वरच्या सीडची हमी राहिली नाही. एनबीएचं काही बिघडलं नाही.

निदान एवढं तरी करा: हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त, त्याला घरचा सामना नाही.

अनघा, अ‍ॅन आर्बर

एनबीएत ८२ सामने असतात आणि प्रत्येक संघ उरलेल्या २९ संघांशी खेळतो. तिथे डिव्हिजन नावापुरतीच होती, ती काढली तर काय बिघडणार? एनएफएलचं वेळापत्रकच डिव्हिजनवर उभं आहे.

वाइल्ड कार्डबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे ती कच्ची तुलना करावीच लागते. पण तुमची तडजोड तुमच्याच संघाला उपयोगाची नाही. रॅम्स १०–७ होते.

आणि त्या चौघांचं काय झालं तेही सांगा. सिअ‍ॅटलने सेंट्सना ४१–३६ ने घालवलं. कॅरोलिनाने अ‍ॅरिझोनाला २७–१६ ने, ज्यात अ‍ॅरिझोनाला जेमतेम ७८ यार्ड मिळाले. वॉशिंग्टन आणि टॅम्पा बे हरले. दोन-दोन. यातून कुठलाच पक्ष सिद्ध होत नाही.

केदार, सॅन होजे

मग हे बघा. सीड आहेत तशीच ठेवायची, जोड्या त्याच, फक्त पहिल्या फेरीत पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा दोन किंवा जास्त असतील तर मैदान बदलायचं. बरोबरीचा सामना अर्धा विजय धरायचा. ब्रॅकेट (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) हलत नाही, नवा टायब्रेकर लागत नाही, आणि वेळापत्रकातल्या फरकाला एका विजयाची सूट मिळते.

२०२४ वर लावून बघा. व्हायकिंग्ज–रॅम्स: फरक ४, बदल. कमांडर्स–बक्स: फरक २, बदल. चार्जर्स–टेक्सन्स: फरक १, जैसे थे. वर दिलेले चारही संघ सुटत नाहीत, कॅरोलिनाचा फरक साडेतीन, बाकी तिघांचा चार. २००८ चे चार्जर्स (८–८) आणि २०११ चे ब्रॉन्कोज (८–८) यांनाही १२–४ वाल्या कोल्ट्स आणि स्टीलर्सच्या घरी जावं लागलं असतं.

अनघा, अ‍ॅन आर्बर

हे मला चालेल, आणि त्याचं कारण तू लिहिलेलंच नाहीस.

२०२४ चा शेवटचा आठवडा आठव. रॅम्सनी डिव्हिजन आधीच खिशात घातली होती. मुख्य क्वार्टरबॅक स्टॅफर्डला बसवलं, राखीव गारोपोलोला उतरवलं, सिअ‍ॅटलकडून ३०–२५ ने हरले आणि चौथ्या सीडवर खूश राहिले. घरचा सामना कसाही मिळणारच होता.

तुझ्या नियमाने गणित उलटतं. बक्स आणि कमांडर्स दोघंही दुपारीच जिंकून मोकळे झाले होते. रॅम्स जिंकले असते तर ११–६, बक्सच्या वर तिसरे, आणि समोर १२–५ चे कमांडर्स: फरक १, सामना घरी. हरले की चौथे, आणि समोर रात्रीच्या लायन्स–व्हायकिंग्ज सामन्यात हरणारा. तो कोणीही असो, १४–३ च. फरक ४, सामना त्याच्या घरी. रॅम्सचे प्रशिक्षक मॅक्वे यांनी स्टॅफर्डला बसवलं नसतं.

मिलिंददादा, पॉटलकच्या धाग्यात तुमच्या नावापुढे अजून काहीच लिहिलेलं नाही.