डॉट ईएनव्ही फाइल: नुसती सूचना पुरत नाही
डॉट ईएनव्ही म्हणजे ॲपचे पासवर्ड आणि कीज ठेवायची फाइल. क्लॉड कोड या एआय कोडिंग असिस्टंटने ती वाचू नये म्हणून त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये, म्हणजे ‘क्लॉड डॉट एमडी’मध्ये, ‘डॉट ईएनव्ही वाचू नकोस’ असं लिहिलं की झालं, असं काहीजण म्हणतात. नाही हो, ती नुसती विनंती. बहुतेकदा पाळली जाते, पण खात्री नाही. क्लॉड कोडच्या सेटिंग्जमध्ये परमिशन्सखाली ‘डिनाय’ यादी असते, तिथे ‘Read(./.env)’ असा नियम घाला. गिटइग्नोरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती यादी गिटने कोणत्या फाइल्स नोंदवू नयेत एवढ्यासाठीच आहे.

तरी एक फट उरतेच. असिस्टंट टेस्ट चालवतो तेव्हा तुमचं ॲप स्वतःच ती फाइल लोड करतं. एखाद्या एररबरोबर डेटाबेसचा पासवर्ड टर्मिनलवर छापला गेला, की त्याने वाचलाच समजा. म्हणून आमच्याकडे लोकल फाइलमध्ये खऱ्या कीज ठेवतच नाहीत, पेमेंट गेटवेच्यासुद्धा टेस्ट मोडच्याच.