ग्राउंड हॉर्नबिल: भुईधनेश की माळधनेश?

प्रश्न: मुलांसाठी आफ्रिकेतल्या पक्ष्यांवर लिहिते आहे. 'ग्राउंड हॉर्नबिल'च्या दोन जाती आहेत, एक दक्षिणेकडची, दुसरी ॲबिसिनियन (ॲबिसिनिया म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव). 'दक्षिणी भुईधनेश' आणि 'हबशी भुईधनेश' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: 'धनेश' योग्यच. राखी धनेश, कवड्या धनेश ही नावं आपल्या तोंडी आहेत. 'भुई' मात्र मला खटकतं. भुईमूग, भुईआवळी म्हटलं की मातीला चिकटलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि याचं घरटंही जमिनीवर असेल असं मुलं धरून चालतील. हा पक्षी दिवसभर गवताळ रानात चालत साप, सरडे, टोळ टिपतो खरा, पण अंडी बहुधा झाडाच्या ढोलीतच घालतो. माळावर चालणाऱ्या ढोकाला आपण माळढोक म्हणतो, त्याच चालीवर 'माळधनेश' म्हणा. ढोलीचा विषय निघालाच आहे तर हेही लिहा: आपल्या धनेशाची मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते, माळधनेशाची घेत नाही.

'हबशी' नकोच. तो शब्द माणसांबद्दल हेटाळणीनं फार वापरला गेला आहे. शिवाय 'हबसाण' म्हणजे आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख, त्यामुळे एखाद्याला हा पक्षी मुरूडचा वाटेल. आणि तो एकट्या इथिओपियाचा नाही, पश्चिमेला सेनेगलपर्यंत आढळतो.

प्रश्न: पटलं. मग दोघांना वेगळं कसं ओळखायचं?

उत्तर: तोंडावरून. केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या जातीत डोळ्यांभोवतीची उघडी कातडी नर-मादी दोघांचीही लालभडक असते, मादीच्या गळ्यावर तेवढा जांभळट निळा डाग. उत्तरेकडच्या जातीत ती निळी. नराचा गळा खाली लाल होत जातो, मादीचा निळाच राहतो. चोचीवरचं शिंगही पुढून कापल्यासारखं उघडं दिसतं. आपण 'लालबुड्या बुलबुल' म्हणतोच, तसं 'लालतोंड्या माळधनेश' आणि 'निळतोंड्या माळधनेश' म्हणा. फक्त लालतोंड्याच्या पिल्लाचं तोंड लाल नसतं, तो रंग चढायला काही वर्षं जातात. हे चित्राखाली नक्की लिहा, नाहीतर मुलं गोंधळतील.

प्रश्न: आवाजावरून नाव नाही का कुणी दिलं?

उत्तर: दिलंय. आफ्रिकान्स भाषेत लालतोंड्याला 'ब्रॉमफोएल' म्हणतात, म्हणजे घुमणारा पक्षी. पहाटे नर आणि मादी आळीपाळीनं खोल हुंकार देतात, तो कित्येक किलोमीटरवर ऐकू जातो. 'घुम्या' म्हणावं असं मनात आलं होतं, पण मराठीत घुम्या म्हणजे न बोलणारा.