‘ओ’ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार: एका कुटुंबाच्या इतिहासाचं भाषांतर करतेय. अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेच्या तक्त्यात त्यांच्या पणजोबांपुढे ‘शिंपी’ आणि त्याच ओळीत ‘ओ’. मी ‘ओल्ड’ समजून ‘वृद्ध’ लिहून मोकळी झाले. माणूस 34 वर्षांचा! मग कळलं, ते ‘ओन अकाउंट’. धंदा स्वतःचा, हाताखाली पगारी माणूस नाही. माणसं ठेवली तर ‘ई’, दुसऱ्याकडे पगारावर असेल तर ‘डब्ल्यू’, घरच्याच धंद्यात फुकट राबणारा ‘एनपी’. ‘स्वयंरोजगारी’ लिहिलं तर संपादक म्हणाले, कर्जाच्या अर्जासारखं वाटतंय. सुचवा.

बोरू: धंदेवाईक.

तिरकस: धंदेवाईक डॉक्टर कुणाला म्हणतात ते आठवा. स्वतःचा दवाखाना एकट्याने चालवणारा डॉक्टरही त्या तक्त्यात ‘ओ’च.

पानगळ: मग ‘स्वकष्टी’?

बोरू: कष्टी म्हणजे दुःखी हो. बिचारा शिंपी.

टाक: सरळ ‘मालक’ लिहा की.

अनुस्वार: मालक ‘ई’साठी राखून ठेवलाय. त्यातही गंमत आहे. घरात मोलकरीण ठेवली म्हणून कुणी ‘ई’ होत नव्हता, माणूस धंद्यात हवा. आणि ‘डब्ल्यू’ला मी ‘कामगार’ लिहिलंय.

तिरकस: डब्ल्यूत बँकेतला कारकूनही येतो. त्याला कामगार म्हणून बघा, काय म्हणतो ते! तसा हा शब्द एकेकाळी चांगला वजनदार होता. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कामगार म्हणजे सरकारी अंमलदार, कारकून मंडळी. गिरणीत गेला आणि पार उतरला.

पानगळ: ‘नोकर’ लिहा, तोही भारदस्त. मूळ मंगोल, अर्थ साथीदार.

टाक: मंगोल, फारसी, काहीही चालतं तुम्हाला. ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका, हा आपला शब्द धूळ खात पडलाय. स्वतंत्रवृत्ती, वेतनवृत्ती, एका साच्यात सगळे बसतात.

तिरकस: ‘स्वतंत्र वृत्तीचा शिंपी’ म्हणजे दिलेलं माप न पाळणारा!

टाक: टिंगल सोपी असते. शब्द वापरला की रुळतो. ‘महापौर’लाही लोक हसलेच होते.

बोरू: रुळेल तेव्हा रुळेल. त्यांना भाषांतर या महिन्यात द्यायचंय. 😀

अनुस्वार: आणखी एक अडचण. शिंप्याच्या बायकोपुढे नात्याच्या रकान्यात ‘वाइफ-एच’, धंद्याच्या रकान्यात ‘नन’, म्हणजे काही नाही. हा एच म्हणजे ‘होममेकर’. 1940 च्या तक्त्यात नोकरीधंद्याच्या प्रश्नांत पुन्हा एच येतो, तिथे तो ‘हाउसवर्क’, स्वतःच्या घरातलं. तिथे ‘घरकाम’ लिहिलं तर आज वाचणाऱ्याला वाटणार, बाई दुसऱ्यांकडे धुणीभांडी करत होती.

पानगळ: खरंय. माझी आई ‘घरकाम’च सांगायची आणि फॉर्म भरणारे ‘गृहिणी’ लिहायचे. तिला ते कौतुक वाटायचं.

टाक: गृहिणी हा शब्दच दोन्हीकडे चालेल.

अनुस्वार: 1940 चा एच हे कामाचं नाव आहे. तो मुलीला, बहिणीला, कुणालाही लागतो. कुमारिकेला गृहिणी म्हणू?

तिरकस: ‘घरचं काम’. एका ‘चं’ने मोलकरीण जाते.

बोरू: ‘घरचं’ म्हटलं की शिंप्याच्या घरी शिवणही आलंच की!

पानगळ: त्यावरून आठवलं. आमच्या आजोबांचं शिंप्याचं दुकान होतं. काज करणं, बटणं लावणं, तुरपाई सगळी आजीची. दुकान मात्र ‘आजोबांचं’. तुमच्या त्या बाईला ‘एनपी’ का लावलं नसेल? एच असताना वेगळा धंदा लिहिता येत नव्हता का?

अनुस्वार: येत होता. एच असलेल्या कितीतरी बायकांपुढे धंदाही लिहिलेला आहे. हिच्यापुढे ‘नन’ आहे. दार कुणी उघडलं आणि उत्तरं कुणी दिली, ते तक्त्यात नाही.

टाक: म्हणजे ‘ओ’ला स्वतंत्रवृत्ती ठरलं ना?

बोरू: सुटा शिंपी.

टाक: सुटे पैसे असतात.