इटली आणि ग्रीसचा पहिलाच प्रवास : आईला सोबत नेताना काय ठेवावे, काय गाळावे?

गोदाकाठ :

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघे जण साधारण दोन आठवड्यांसाठी इटली व ग्रीसला जाण्याच्या विचारात आहोत. तिघांचाही हा पहिलाच युरोप प्रवास आहे. सहल कंपनीबरोबर न जाता सर्व आरक्षणे स्वतः करावीत, असे आम्ही ठरवले आहे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, नेपल्स व पॉम्पे, अथेन्स, सांतोरिनी आणि मिकोनोस अशी यादी सध्या कागदावर आहे. आई अडुसष्ट वर्षांची आहे. तिची प्रकृती उत्तम असली तरी गुडघे दुखतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर ती तासभर चालू शकते, पण जिने चढताना तिला त्रास होतो. शिवाय ती मांस, मासे आणि अंडी यांपैकी काहीही खात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. ही यादी आईला झेपेल का, आणि नसेल तर काय गाळावे? दोन देशांसाठी व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा? आईच्या जेवणाची सोय रोजच्या रोज कशी करावी? बोटीचा प्रवास तिच्यासाठी योग्य ठरेल का? ज्यांनी प्रत्यक्ष हा प्रवास केला आहे किंवा जे तिकडे राहतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाटसरू :

आपण निवडलेला काळ उत्तम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोम आणि अथेन्समधले दुपारचे ऊन विदर्भातल्या माणसालाही नको होते. सप्टेंबरच्या अखेरीस ते ओसरलेले असते आणि समुद्राचे पाणी मात्र अजून उबदार असते. यादीबद्दल मात्र स्पष्टच लिहितो : ती दोन आठवड्यांसाठी फार मोठी आहे. मुक्काम बदलण्याचा प्रत्येक दिवस सामान बांधणे, स्थानक गाठणे, नवे हॉटेल शोधणे आणि खोली मिळेपर्यंत थांबणे यांत निम्मा तरी जातोच, आणि तुमच्या यादीत असे सहा दिवस आहेत. माझ्या मते रोम, फ्लॉरेन्स, अथेन्स आणि अथेन्सजवळचे एखादे बेट एवढेच ठेवावे. विमानाचे तिकीट रोमला उतरून अथेन्सहून परतण्याचे काढावे, म्हणजे उलटा प्रवास करावा लागत नाही. रोम ते अथेन्स विमान दोन तासांच्या आसपास घेते आणि दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, असल्यामुळे मध्ये पासपोर्ट तपासणीची रांग नसते.

व्हिसाचा नियम सरळ आहे. ज्या देशात अधिक दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि दिवस सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश करणार, त्याच्याकडे. वरीलप्रमाणे बेत केल्यास तो इटलीकडेच जाईल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. परंतु बोटांचे ठसे देण्यासाठी वेळ मिळणे हीच खरी अडचण असल्यामुळे जून-जुलैतच हालचाल करावी. प्रवास विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोचे लागते. आईच्या वयासाठी, आणि गुडघ्यासारखे जुने दुखणे असताना, पॉलिसीत काय वगळले आहे ते बारीक अक्षरांसह वाचावे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध असला पाहिजे.

पॉम्पे या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तेथे जाण्याचा मोह सर्वांनाच होतो. रोमहून वेगवान गाडीने नेपल्स तासाभराहून थोडे अधिक, तेथून स्थानिक गाडीने पुढे, असे एका दिवसात जाऊन येता येते. पण ती स्थानिक गाडी बहुधा खचाखच भरलेली असते, अवशेषांच्या परिसरात सावली जवळजवळ नाही आणि रथांच्या चाकोऱ्या पडलेल्या दगडी रस्त्यांवर गुडघ्यांची परीक्षा होते. अँफिथिएटरच्या बाजूच्या प्रवेशद्वारापासून चालायला सोपा असा एक मार्ग तेथे आखलेला आहे, हे खरे. तरीही आईचा विचार करता मी रोमजवळच्या ओस्तिया आंतिकाला पसंती देईन. हे प्राचीन रोमचे बंदर. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या स्थानकावरून उपनगरी गाडीने अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. छत्रीसारख्या पाइन वृक्षांच्या सावलीत जुनी दुकाने, स्नानगृहे, नाट्यगृह आणि ओळीने मांडलेली सार्वजनिक शौचालयेसुद्धा निवांत पाहता येतात. गर्दी पॉम्पेच्या मानाने अगदीच कमी असते.

कलोसियमची तिकिटे साधारण तीस दिवस आधी विक्रीला येतात आणि ती नावानिशी असतात. त्यामुळे पासपोर्टवरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे. आत वरच्या मजल्यासाठी लिफ्ट आहे. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती विनामूल्य उघडतात खरी, पण त्या दिवशीची रांग पाहता पैसे दिलेले परवडतात. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. आई साडी किंवा पंजाबी ड्रेस घालत असेल तर तिला अडचण नाही, पण यजमानांना अर्धी विजार घालून बाहेर पडू देऊ नका.

पो नदीकाठचा :

मी कामानिमित्त इटलीतल्या बोलोन्यात राहतो, त्यामुळे जेवणाविषयी लिहितो. “इटलीत शाकाहाऱ्यांची चैन असते” हे वाक्य अर्धेच खरे आहे. मांस न खाणाऱ्याची सोय कोठेही होते, अंडे टाळणाऱ्याला मात्र चार प्रश्न विचारावे लागतात. स्पगेटी, पेन्ने यांसारखा सुका पास्ता रव्याचा व पाण्याचा असतो, त्यात अंडे नसते. ताज्या पास्त्यात, म्हणजे ताल्यातेल्ले, लझान्या आणि पोटात सारण भरलेले सगळे प्रकार यांत, बहुतेक वेळा अंडे असतेच, आणि न्योक्की या बटाट्याच्या गोळ्यांतही बरेचदा असते. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सारात किंवा रिसोत्तो या भातात मांसाचे पाणी असू शकते. पिआदीना ही आपल्या पोळीसारखी दिसणारी, तव्यावर भाजलेली रोटी आईला पाहताक्षणी आवडेल, पण पारंपरिक पिआदीनात डुकराची चरबी असते, म्हणून ती तेलातली आहे का, हे आधी विचारावे.

चीजबाबत आईचा कटाक्ष किती कडक आहे, ते तुम्हीच ठरवा. पार्मिजानो रेजानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही तिन्ही वासराच्या किंवा कोकराच्या पोटातील रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरून बनवलेली असतात. ग्राना पादानोमध्ये बहुधा अंड्यापासून काढलेले लायसोझाइमही असते आणि ते वेष्टनावर छापलेले दिसते. युरोपीय संघाच्या नियमानुसार उपाहारगृहांना चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, आणि अंडे त्यांपैकी एक आहे. म्हणून “अंडे आहे का?” एवढेच तोंडी विचारण्याऐवजी ॲलर्जीची यादी मागावी. मांसाचे पाणी किंवा रेनेट त्या यादीत येत नाही, ते वेगळे विचारावे लागते. एका चिठ्ठीवर “सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे, सेन्झा उओवा” (मांस, मासे, अंडी नकोत) हे रोमन लिपीत छापून घ्यावे आणि मागणी नोंदवतानाच दाखवावे.

निर्धास्तपणे खाण्याजोगे म्हणाल तर टोमॅटो, लसूण व ओरेगानोचा मारिनारा पिझ्झा, लसूण आणि तेलातली स्पगेटी, हरभऱ्यांचे सूप व घेवड्याचे पदार्थ, फ्लॉरेन्सच्या तोस्काना प्रांतात हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली चेचीना आणि फ्लॉरेन्सला रिबोल्लिता, म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि काळसर कोबीची पाने एकत्र शिजवून केलेला दाट प्रकार. सूप कोणतेही असो, चिठ्ठी दाखवायला विसरू नये. आईस्क्रीमच्या दुकानात मलईच्या स्वादांत अंडे असू शकते, फळांच्या सोर्बेत्तोत सहसा नसते. तिरामिसू हे अंड्याचे मिष्टान्न आईने विसरावे.

घरून न्यायच्या पदार्थांविषयी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस व दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. म्हणजे तुपाची बरणी, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. ताजी फळे आणि कढीपत्ताही नको. मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, भाजलेले पोहे हे चालते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर सकाळची भाजणी आणि बाजारातल्या भाज्या यांवर निम्मा प्रश्न सुटतो. मात्र अशा खोल्या जुन्या इमारतींत असतात, तेव्हा “लिफ्ट आहे” या शब्दांवर विसंबू नये. लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी दहा पायऱ्या चढाव्या लागत नाहीत ना, हे मालकाला लेखी विचारून घ्यावे.

बिलात “कोपेर्तो” म्हणून माणशी थोडी रक्कम लावलेली दिसेल. ती बसण्याची आकारणी असते, फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरवर उभे राहून घेतल्यास स्वस्त पडते. रोममध्ये रस्त्यावरच्या लोखंडी नळांचे अखंड वाहणारे पाणी पिण्यायोग्य व थंड असते, त्यामुळे बाटली विकत घेत बसू नका.

एजियन :

ग्रीसबद्दल. सांतोरिनी छायाचित्रांत जितके सुंदर दिसते तितकेच प्रत्यक्षातही आहे, पण ते कड्यावर वसलेले, पायऱ्यापायऱ्यांचे गाव आहे. ज्यांना जिने त्रास देतात, त्यांना तेथील बराचसा आनंद खोलीच्या गच्चीवर बसूनच घ्यावा लागतो. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून साध्या बोटीने तेथे पोहोचायला आठ तासांच्या आसपास लागतात, वेगवान बोटीने पाच. मिकोनोस तर मी कोणत्याही आईला सुचवणार नाही. त्यापेक्षा ऐयिना बेट पाहावे : पिरेअसहून साध्या बोटीने सव्वा तास, वेगवान बोटीने पाऊण तास. बंदराचा रस्ता सपाट, काठावर पिस्त्याच्या पुड्या विकणारी दुकाने (येथील पिस्ते नावाजलेले आहेत), आणि बसने जाता येईल असे टेकडीवरचे अफाइया देवीचे मंदिर, जे अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराहून थोडे जुने आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी अथेन्सला परतता येते, मुक्कामही हलत नाही.

बोटीबाबत दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो आणि तुमच्या काळात तो ओसरत आलेला असतो, तरी वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर प्रशासन फेऱ्या रोखते. खलाशांचे संपही होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नये, मग ते बेट कोणतेही असो. आईला बोट लागत असेल तर मोठी साधी बोट घ्यावी, कारण वेगवान बोटी लाटांवर अधिक आपटतात आणि त्यांत डेकवर उभे राहायला बहुधा जागा नसते.

अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या प्राचीन मंदिरांच्या टेकडीला ठरावीक वेळेचे तिकीट असते. सकाळी आठचे घ्यावे. चढणीवरचा संगमरवर हजारो पावलांनी गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे रबरी तळव्याचे बूट हवेतच. चालण्यास अडचण असलेल्यांसाठी उत्तरेच्या बाजूने लिफ्ट आहे, पण ती सर्वांसाठी खुली नाही. आईच्या गुडघ्याविषयी डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जवळ ठेवून आधी ईमेलने विचारणा करावी. जोराच्या वाऱ्यात ती लिफ्ट बंद ठेवतात.

आईच्या जेवणासाठी ग्रीस सोपे आहे. तेथील ऑर्थोडॉक्स लोक उपवासाच्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात, त्यामुळे “निस्तीसिमा” हा शब्द प्रत्येक खानावळीत समजतो. शंख-शिंपल्यांतले जीव मात्र त्या उपवासाला चालतात, म्हणून तेवढे वगळायला सांगावे. पिवळ्या डाळीची फावा, टोमॅटोतला मोठा घेवडा, भाज्यांचे ब्रिआम हे बहुतेक ठिकाणी मिळते. भात भरलेले टोमॅटो मागवताना आत खिमा नाही ना, हे विचारावे. आणखी एक, थोडा संकोचाचा विषय : ग्रीसमध्ये सांडपाण्याचे नळ अरुंद असल्याने शौचालयात कागद टाकत नाहीत, शेजारच्या टोपलीत टाकतात.

गोदाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पॉम्पे, सांतोरिनी आणि मिकोनोस गाळले. व्हेनिस गाळताना मात्र आई नाराज झाली आहे, कारण तिला कित्येक वर्षांपासून तेच पाहायचे होते. पुलांच्या पायऱ्यांमुळे ते तिला खरोखरच जमणार नाही का?

सातारकर :

मी वाटसरूंशी असहमत आहे. एकच शहर निवडायचे असेल तर आईसाठी फ्लॉरेन्सपेक्षा व्हेनिस सोपे ठरेल. पूल चारशेहून अधिक आहेत हे खरे, परंतु तेथे बसून पाहता येते. एक क्रमांकाची व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस, पियाझाले रोमा या व्हेनिसमधल्याच चौकातून निघून ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यातून सान मार्को चौकापर्यंत संथपणे जाते आणि दोन्ही काठांवरचे वाडे, मासळी बाजार, रियाल्तोचा पूल असे सर्व खुर्चीतून दिसते. सकाळी लवकर निघावे आणि पुढच्या बाजूची उघड्यावरची जागा मिळते का पाहावे. हॉटेल थांब्याच्या अगदी जवळ, मध्ये एकही पूल नसलेले शोधावे. नकाशावर हे स्पष्ट दिसते. फ्लॉरेन्स मग रोम-व्हेनिस गाडीच्या वाटेवर एका दुपारपुरते ठेवता येईल, स्थानकावर सामान ठेवण्याची सोय आहे. फक्त तो दिवस सोमवार नसावा, उफीझी हे तेथील चित्रसंग्रहालय त्या दिवशी बंद असते. व्हेनिसहून अथेन्सला थेट विमानेही जातात.

गाड्यांविषयी : वेगवान गाड्यांत जागा ठरलेली असते आणि तिकीट आधी काढल्यास बरेच स्वस्त पडते. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट मात्र फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावेच लागते, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो. डब्यात चढायला उंच पायऱ्या असतात. मोठ्या स्थानकांवर “साला ब्लू” नावाची मदतसेवा आहे, ती आगाऊ कळवल्यास आईला उचलयंत्राने आत पोहोचवतात.

खिसेकापूंबाबत अकारण घाबरू नये, पण रोमचे तेर्मिनी स्थानक, व्हॅटिकनकडे जाणारी 64 क्रमांकाची बस आणि अथेन्सची विमानतळ मेट्रो येथे पिशवी पोटाशी धरावी. हातात गुलाब किंवा दोरा अडकवणाऱ्यांना न थांबता नकार द्यावा. कार्डाने पैसे देताना यंत्र “रुपये की युरो” असे विचारते. युरोच निवडावे, रुपयांचा दर नेहमी महाग असतो. हॉटेलचा पर्यटन कर दोन्ही देशांत बहुधा जागेवर वेगळा द्यावा लागतो.

वाटसरू :

व्हेनिसबाबतचा मुद्दा मान्य. फक्त तसा बेत केल्यास इटलीतील रात्री ग्रीसहून अधिक राहतील एवढे पाहा, म्हणजे व्हिसाचा अर्ज बदलावा लागणार नाही. आणि आईसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी विमानाचे तिकीट काढतानाच नोंदवा. मधल्या विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात जाताना कधी कधी खूप चालावे लागते, आणि तेथे ऐनवेळी खुर्ची मिळेल याची खात्री नसते.