ओहायोतला शेतकरी पूर्वज: १८५० च्या मागे कसं जायचं?

प्रश्न

नमस्कार. नवऱ्याच्या घराण्याचा शोध एका ठिकाणी अडला आहे. १८५० च्या जनगणनेत त्याचा पूर्वज ओहायोच्या हॅरिसन काउंटीत सापडतो. वय ६२, धंदा शेती, स्थावर २,४०० डॉलर, जन्म पेनसिल्व्हेनियात. बायको ५७ वर्षांची, तीही तिकडचीच, आणि घरात तीन मोठी मुलं. त्याच्या मागचं काहीच हाती लागत नाही. नाव-आडनाव इतकं सर्रास आढळणारं आहे की १८३० च्या यादीत त्याच काउंटीत त्याच नावाचे तीन कुटुंबप्रमुख आहेत. घराणं मूळचं पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन काउंटीतलं, असं घरात सांगतात. ऑनलाइन वंशावळींत त्याचे वडील म्हणून क्रांतियुद्धातला एक सैनिक जोडलेला दिसतो, पण पुरावा कुणीच दिलेला नाही.

जन्म-मृत्यूचे दाखले मिळतील का? आपल्याकडे सातबारा आणि फेरफार काढत मागे जातात, तसं तिकडे काही आहे का? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

दाखल्यांचा नाद आधी सोडा. ओहायोत काउंटी पातळीवर जन्म-मृत्यूची नोंद १८६७ पासून सुरू झाली आणि राज्याचे मृत्यूदाखले १९०८ च्या अखेरीपासून. पेनसिल्व्हेनियात तर विवाहाचे सरकारी परवानेसुद्धा १८८५ पासूनचे. तुमच्या माणसाचं लग्न १८१५ च्या आत पेनसिल्व्हेनियात झालं असेल तर ते फक्त चर्चच्या वहीत असू शकतं. शेतकऱ्याच्या बाबतीत पुरावा सापडतो तो जमिनीत. म्हणून माझं सांगणं एवढंच की नाव सोडा, जमीन धरा. एकाच नावाची तीन माणसं असतील, पण तिघांची शेतं तीन वेगवेगळ्या जागी आहेत.

सातबारा तिकडे नाही. काउंटी रेकॉर्डरकडे खरेदीखतांच्या नोंदवह्या असतात आणि त्यांना दोन सूच्या, एक देणाऱ्याच्या नावाने आणि एक घेणाऱ्याच्या. फेरफारासारखं मात्र काहीच नाही आणि नवखा माणूस नेमका तिथे फसतो. शेतकरी वारला की जमीन वारसांकडे आपोआप जाई. त्यासाठी कुठलाही कागद नोंदवावा लागत नसे. वारसांनी ती विकली तरच वही बोलू लागते, कधी वीस वर्षांनी, कधी चाळीस. म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न विचारा: हा याच्या नावावर आला कसा, आणि गेला कसा? येण्याचा कागद नसेल तर बहुधा वारसाने आला किंवा खत नोंदवलंच नाही. जाण्याचा नसेल तर वारसांची नावं शोधायला लागा.

सुरुवात शेवटाकडून करा. १८५० मध्ये २,४०० डॉलरची जमीन होती, म्हणजे तिचं वर्णन कुठेतरी आहेच. हॅरिसन काउंटीत देणाऱ्यांच्या सूचीत १८५० ते १८८० या काळातली त्या आडनावाची सगळी खतं काढा. टाउनशिप म्हणजे मोजणीचा मोठा चौकोन, सेक्शन त्याचा छत्तिसावा भाग आणि रेंज म्हणजे टाउनशिपांची उभी रांग. वर्णन साधारण असं असतं: अमुक सेक्शनचा ईशान्य चतकोर, टाउनशिप अमुक, रेंज अमुक, १६० एकर. ते मिळालं की फेडरल लँड ऑफिसच्या पेटंटांची (पेटंट म्हणजे सरकारने जमीन पहिल्यांदा दिल्याची सनद) मोफत वेबसाइट आहे, तिथे नावाने न शोधता जागेच्या वर्णनाने शोधा. सरकारकडून ती जमीन पहिल्यांदा कोणी घेतली ते कळेल. हा भाग स्टुबेनव्हिल लँड ऑफिसच्या हद्दीत येत होता.

इथे दोन गोष्टींत चूक होते. पेटंटची तारीख ही तिथे राहायला आल्याची तारीख नव्हे. १८०४ पासून किमान १६० एकर, एकरी २ डॉलर, आणि पैसे चार वर्षांत हप्त्यांनी भरायचे, अशी पद्धत होती. सगळे हप्ते फिटल्यावर पेटंट निघे. म्हणजे माणूस त्याच्या पाच-सात वर्षं आधीपासून तिथे नांगर धरून असू शकतो. हप्त्याने विकणं १८२० मध्ये बंद झालं, भाव सव्वा डॉलर झाला आणि ८० एकरही मिळू लागले. पेटंटवर ‘अमक्याचा असायनी’ असं लिहिलेलं दिसलं तर तो अमका टिपून ठेवा. मूळ खरेदीदाराने आपला हक्क याला दिलेला असतो आणि तो पुष्कळदा सासरा, मेहुणा किंवा गावाकडचा शेजारी निघतो.

दुसरी चूक नकाशाची. १७८५ च्या कायद्याने आधी मोजलेल्या सात रेंजांमध्ये सेक्शनांचे नंबर जुन्या पद्धतीचे आहेत. १ नंबर आग्नेय कोपऱ्यात, तिथून सरळ उत्तरेला ६ पर्यंत, मग पुन्हा खालून ७. आज सगळीकडे छापतात तो आराखडा १७९६ नंतरचा, ईशान्येकडून नागमोडी जाणारा. जुन्या पद्धतीत ३६ नंबर वायव्य कोपऱ्यात पडतो आणि नव्यात आग्नेय कोपऱ्यात. टाउनशिप सहा मैल लांब-रुंद असते, म्हणजे चुकीचा आराखडा धरलात तर शेत पार समोरच्या टोकाला जाऊन पडेल आणि शेजारीही भलतेच निघतील.

शिवाय हॅरिसन काउंटी १८१३ मध्ये जेफरसन आणि टस्करावस काउंट्यांतून काढली. त्याआधीची खतं मूळ काउंटीतच राहिली आहेत. जेफरसनची स्टुबेनव्हिलला बघा.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराला जोडून. तीन सारख्या नावांचा गुंता सोडवायला ओहायोच्या कर-याद्या सर्वांत उपयोगी. ओहायोची १८०० आणि १८१० ची जनगणना जवळजवळ सगळी हरवली आहे, त्यामुळे त्या काळात कर-याद्यांशिवाय पर्यायही नाही. यादीत मालकाच्या नावापुढे रेंज, टाउनशिप, सेक्शन आणि एकर असतात. मोठा कागद घ्या, आडवी वर्षं आणि उभे सेक्शन मांडा आणि १८१६ ते १८३८ एकही वर्ष न गाळता भरा. तीन ओळी आपोआप वेगळ्या होतात. एखाद्या वर्षी नावाच्या जागी ‘अमक्याचे वारस’ आलं की मृत्यूचं वर्ष एक-दोन वर्षांच्या फरकाने कळलं.

नावापुढच्या ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ला बाप-लेक समजू नका. एका गावातला वयाने मोठा आणि लहान, एवढाच त्याचा अर्थ. काका-पुतणे असतील किंवा नात्यागोत्याचा काही संबंध नसेल. थोरला वारला की धाकटाच ‘सीनियर’ होतो आणि आपण भलत्याच माणसाच्या मागे लागतो.

आता प्रोबेट, म्हणजे मृताच्या मालमत्तेचे कोर्टातले कागद. ओहायोत स्वतंत्र प्रोबेट कोर्ट १८५१ च्या राज्यघटनेने आलं. त्याआधीची मृत्युपत्रं, प्रशासकाचे जामीन, मालमत्तेच्या याद्या हे सगळं कॉमन प्लीज कोर्टाच्या (काउंटीचं सर्वसाधारण कोर्ट) कागदांत आहे. ‘प्रोबेट कोर्ट’ एवढ्याच शीर्षकाखाली शोधून काही नाही म्हणून परतू नका. मृत्युपत्र नसेल तर उलट बरं, कारण मृत्युपत्रात वडील कुणा मुलाला गाळू शकतात, वाटणीत कोर्ट कुणाला गाळत नाही. वाटणीचा दावा झाला असेल तर सगळी मुलं, मुलींचे नवरे आणि कोण कुठल्या काउंटीत राहतं, हे एका कागदावर मिळतं.

‘ऑर्फन’ शब्द दिसला तर आईही गेली असं धरू नका. बाप गेला की पोर कायद्याने अनाथ, आई घरात असली तरी. मुलगा १४ चा किंवा मुलगी १२ ची झाली की पालक स्वतः निवडता येई, त्यामुळे पालक निवडल्याच्या नोंदीवरून वयाचा अंदाज बांधता येतो.

सूची चाळताना एक काळजी घ्या. कर्जापायी जमीन गेली असेल तर खत देणाऱ्यांच्या सूचीत मालकाच्या नावाने न लागता पुष्कळदा शेरीफच्या नावाने लागतं. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने विकली असेल तर त्याच्या नावाने. शेरीफची पानंही वाचा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. सूचीत एक १८४१ चं खत मिळालं. आमच्याच नावाचा माणूस आणि त्याची बायको ‘अविभक्त एक सप्तमांश हिस्सा’ ७५ डॉलरला विकतात. जमीन वॉशिंग्टन काउंटीतली आहे असं लिहिलंय, पण खत हॅरिसनमध्ये नोंदवलेलं दिसतं. हे काय आहे? आणि एका मालमत्तेच्या यादीत ‘एक विंडमिल’ आहे. पवनचक्की?

प्रतिसाद ३

ताई, तुम्हाला किल्ली सापडली आहे. एक सप्तमांश म्हणजे मूळ मालकाला सात वारस, आणि हा त्यांतला एक. आता वॉशिंग्टन काउंटीच्या वहीत त्याच जमिनीची बाकीची सहा खतं शोधा. ती एका दिवशीची नसतील. कुणी १८३८ ला विकलं असेल, कुणी १८५२ ला. घेणाराही बहुतेक एकच असतो, जागेवर राहिलेला भाऊ किंवा मेहुणा, म्हणून घेणाऱ्याच्या सूचीत त्याच्या नावाखाली बघा. कुठे एक बेचाळिसांश हिस्सा आला तर सातांपैकी एक वारस आधीच वारला होता आणि त्याला सहा मुलं होती, असा हिशोब लागतो. पूर्णांक जुळेपर्यंत बेरीज करत राहा. सगळे हिस्से मिळून एक झाला की सगळी भावंडं सापडली.

ओहायोला गेलेल्या भावंडांनी मागे राहिलेल्याला कुलमुखत्यारपत्र दिलेलं असतं. तेही खतांच्याच वहीत नोंदवतात आणि ‘ओहायोच्या हॅरिसन काउंटीत राहणारा, मृत अमक्याचा मुलगा’ असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. तीन नावांपैकी तुमचा कोण हे ठरवायला याच्याइतका पक्का कागद नाही. खताच्या शेवटी बायकोची वेगळी जबानी असते, नवऱ्याला बाजूला ठेवून तिने डॉवरचा (नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा) हक्क सोडल्याची. तिथलं तिचं नाव १८५० च्या यादीतल्या नावाशी ताडून बघा. जुळलं नाही तर माणूस दुसरा, किंवा बायको दुसरी.

‘विंडमिल’ म्हणजे इथे पवनचक्की नव्हे, धान्य उफणायचं हाताने फिरवायचं लाकडी यंत्र. याद्यांमध्ये असे शब्द बरेच येतात. ‘मोठं चाक’ लोकर कातायचं, ‘छोटं चाक’ जवसाच्या धाग्याचं. लिलावाची यादी असेल तर वस्तूंपेक्षा घेणाऱ्यांची नावं महत्त्वाची. विधवा बहुधा चूल-भांडी, अंथरूण आणि एक गाय उचलते. घोडी आणि नांगर घेणारे मुलगे-जावई, बाकीचे बांधाला बांध असलेले शेजारी.

प्रतिसाद ४

पेनसिल्व्हेनियात पाऊल टाकण्याआधी हे माहीत असू द्या. वॉशिंग्टन काउंटी १७८१ ची, त्याआधी वेस्टमोरलँड. १७९६ ला तिच्यातून ग्रीन निघाली. त्या मुलुखावर व्हर्जिनियाही हक्क सांगत होतं, त्यामुळे सुरुवातीच्या काही वसाहतवाल्यांचे हक्क व्हर्जिनियाच्या प्रमाणपत्रांवर आहेत. जमीन तिथे चौकोनात नाही. चतुःसीमा अशी असते: ‘पांढऱ्या ओकपासून सुरुवात, उत्तर ३५ अंश पूर्व, १२० पर्च, अमक्याच्या जमिनीलगत दगडापर्यंत’. पर्च म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पर्चचा एक एकर. आलेखाच्या कागदावर कोनमापकाने रेषा काढत या, शेवटची रेषा सुरुवातीच्या ओकला मिळायला हवी. थोडी फट राहिली तर चालेल, कारण होकायंत्राची उत्तर दिशाही दशकांनुसार सरकत असते. फट मोठी असेल तर नक्कल करताना कारकुनाकडून एखादी ओळ गळाली असावी. शेजाऱ्यांचे तुकडे काढून एकमेकांना लावले की शिवार तयार होतं. राज्य अभिलेखागाराच्या वॉरंटी (ज्याच्या नावाने जमिनीचं वॉरंट, म्हणजे ती मोजून द्यायचा हुकूम निघाला तो) टाउनशिप नकाशांत काही भागांचं हे काम आयतं मिळतं. वॉरंट, मोजणी आणि पेटंट तिघांच्या नावाने असू शकतात, आणि पेटंट कधी कधी दोन पिढ्यांनी घेतलेलं असतं.

तुमचा माणूस १७८८ च्या सुमाराचा. १८०९ ला २१ चा झाला, म्हणजे त्याच्या आसपास वडिलांच्या टाउनशिपच्या कर-यादीत अविवाहित पुरुषांच्या वेगळ्या यादीत त्याचं नाव यायला हवं. त्या यादीतून तो मुख्य यादीत गेला की लग्नाचा काळ कळला.

सैनिक वडिलांबद्दल. १८३२ च्या कायद्याने सहा महिने सेवा केलेल्यांना, मिलिशियावाल्यांनासुद्धा (स्थानिक नागरी फौज), पेन्शन मिळू लागलं. अर्जदाराला स्थानिक कोर्टात शपथेवर सांगावं लागे: जन्म कुठे आणि कधी, भरती झाला तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिला. हा जबाब तुमच्या जमिनीच्या नोंदींशी जुळला तरच त्याला वडील म्हणा. नुसतं नाव जुळून उपयोग नाही. १८३२ च्या आत वारला असेल तर फाइल नसेलही, त्यावरून तो लढला नाही असं ठरत नाही.

प्रतिसाद ५

जनगणनेच्या रकान्यांबद्दल थोडं. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि वयोगटांचे आकडे. तुमचा माणूस १८२० ला २६ ते ४५ च्या रकान्यात, १८३० ला ४० ते ५० आणि १८४० ला ५० ते ६० मध्ये बसायला हवा. तिघांपैकी कोण बसत नाही ते आधी बाद करा. १८२० ला १६ ते १८ वयाचे मुलगे त्या रकान्यात एकदा आणि १६ ते २६ मध्ये पुन्हा मोजले आहेत. बेरीज सरळ केली तर घरात नसलेला मुलगा निर्माण होतो. घरात सत्तरीची बाई दिसली तर ती कदाचित आई असेल.

१८५० ची शेतीची वेगळी यादीही काढा. वर्षाला १०० डॉलरच्या वर उत्पन्न असलेली शेतं त्यात आहेत: कसलेली आणि पड जमीन, घोडे, दुभत्या गायी, मेंढ्या, गहू-मका किती बुशेल, लोकर किती पौंड. त्यातले एकर करयादीतल्या एकरांशी ताडा. कूळ आणि मालक असा फरक मात्र त्यात केलेला नाही, तो १८८० पासून.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर या काउंट्यांच्या वह्यांच्या प्रतिमा बघा, २०२४ पासून हस्ताक्षराचा मजकूर शोधायची सोयही आहे. तिथे मूळ नावाबरोबर शेजाऱ्यांची नावं आणि ओढ्याचं नावही टाका. जुन्या लिपीत जोड ‘एस’मधला पहिला लांब काढत, तो ‘एफ’सारखा दिसतो. रॉस ‘रॉफ्स’ आणि जेसी ‘जेफ्सी’ म्हणून सूचीत गेलेले असतात, तेही टाकून बघा.