महीकाठची गोट्यांची जमीन

मही नदीच्या काठच्या गोट्यांच्या जमिनीबद्दल 'पूर येतो म्हणजे पाणी साचणारच, फळझाडं नकोत' असं एकानं लिहिलंय. पटत नाही. पूर येणं आणि पाणी साचून राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बडोद्याला महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं (नदीच्या वाळूतलं पाणी आडव्या पाइपांनी गोळा करणाऱ्या विहिरींचं) पाणी मिळतं. त्या चालतात कारण वाळू-खडीतून पाणी सहज झिरपतं. काठच्या खडीच्या जमिनीतही तेच: पूर ओसरला की पाणी झपाट्यानं खाली जातं.

हातभर खोल खड्डा खणून बघा. माती एकसारखी तपकिरी असेल तर निचरा चांगला. राखाडी डाग दिसले तर मुळांशी पाणी तुंबतं. २ मिलिमीटरहून मोठे खडे किती, तेही चाळून पाहा, कारण ते ओल फारशी धरत नाहीत. नत्रही पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून खत थोडं थोडं, अनेकदा द्या. शेणखत मात्र भरपूर हवं.

एक गंमत सांगतो. वर पोयटा (बारीक कणांची गाळमाती) आणि खाली खडीचा थर असेल, तर पोयटा पाण्यानं जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. अशी जमीन वाटते त्यापेक्षा जास्त ओल धरते. म्हणून सरसकट 'हलकी' (ओल न धरणारी) ठरवण्याआधी थर बघाच.